सरकारी रुग्णालयातलं जेवण ठेक्यावर: खटले चालतात, ताट कुणाचं?

रेवा_म
सोमवार, रात्री ९:४०

खूप दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहितेच.

माझे वडील दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. मधे फुफ्फुसात पाणी झालं म्हणून आमच्याकडच्या सिव्हिलमध्ये १९ दिवस ॲडमिट होते. रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या डॉक्टरांनी आणि सिस्टर्सनी त्यांना जगवलंय, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

पहिले अकरा दिवस जेवणाची ट्रॉली एक मावशी आणायच्या. ठेकेदाराकडच्याच, पण सात-आठ वर्षं त्याच किचनमध्ये होत्या. दुसऱ्याच दिवसापासून बाबांच्या कॉटपाशी ट्रॉली थांबली की खालच्या कप्प्यातून वेगळा डबा निघायचा. त्यात आळणी भाजी असायची, बटाटा चिरून पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलेली. केळं त्या बाबांना देत नसत. मी विचारलं तर म्हणाल्या, "किडनीवाल्याला केळं नाय देत बाई, पाच नंबरला पण नाय देत." त्यांना हे कुणी वर्गात बसवून शिकवलेलं नव्हतं. आधीच्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

बाराव्या दिवशी ठेका बदलला. सकाळी ट्रॉलीबरोबर दोन नवीन मुलं आली. ताटात सगळ्यांना एकच: भात, पातळ वरण, बटाट्याचा रस्सा, दोन पोळ्या, केळं. बाबांना भूक होती, ते सगळं जेवले. मी ऑफिसला होते. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी रक्तातलं पोटॅशियम ६.४ आलं, म्हणजे धोक्याइतकं जास्त, आणि रात्री साडेअकराला तातडीने डायलिसिस करावं लागलं. केळं आणि बटाट्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, "काय खाल्लं?"

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की ही निविदा दीड वर्ष कोर्टात होती. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, ठरलेल्याच्या विरोधात दुसरा ठेकेदार उच्च न्यायालयात गेला, स्थगिती मिळाली, जुन्या ठेकेदाराला तीन-तीन महिन्यांच्या मुदतवाढी मिळत गेल्या. मग स्थगिती उठली आणि नवा माणूस एका रात्रीत आत आला. दुसरीकडे किचनच्या जुन्या कामगारांचा दावा औद्योगिक न्यायालयात पडून आहे. मावशी त्यातल्याच एक.

म्हणजे एका जेवणावरून दोन खटले, आणि दोन्हींत माझे बाबा कुठेच नाहीत. जो जेवतो त्याचं म्हणणं मांडायला कायद्यात जागा आहे का? कुणी वकील, सिस्टर, कुणी हे काम केलेलं असेल तर कृपया लिहा.

---

घाटावरचा
सोमवार, रात्री १०:१५

वाचून पोटात कालवलं. बाबा आता कसे आहेत? आमच्या आजीच्या वेळी आम्ही घरून डबा न्यायचो, पण ज्यांचं गाव साठ किलोमीटर आहे त्यांनी काय करायचं? वाचतोय.

---

निशिगंध
मंगळवार, सकाळी ७:०५

रेवाताई, मी कामगारांच्या बाजूने औद्योगिक न्यायालयात काम करते. लांबेल, पण मुळापासून सांगते, कारण या विषयाची मुळं आपल्याच मुंबईत आहेत.

जे. जे. समूह रुग्णालयात वॉर्डात काम करणाऱ्या दोन बायकांना काढून टाकलं होतं. सरकारच्या पुरवठा खात्यातून कमी केलेल्या लोकांना जागा करून द्यायची होती, म्हणून. त्यांची संघटना हॉस्पिटल मजदूर सभा कोर्टात गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १९६० साली निकाल आला, न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी लिहिलेला: सरकारी रुग्णालय हासुद्धा कायद्याच्या अर्थाने 'उद्योग' आहे, म्हणून औद्योगिक कलह कायद्याचं संरक्षण तिथल्या कामगाराला आहे. मधे १९७० मध्ये सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात हे फिरलं, १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठ्याच्या निकालाने पुन्हा जागेवर आलं. सरकारी किचनमधला स्वयंपाकी इतकी वर्षं दाद मागायला गेला तो या वाटेने.

ठेका आला की ही वाट अरुंद होते. कंत्राटी कामगार कायदा १९७० चा. त्याच्या कलम १० मध्ये कसोट्या होत्या: काम बारमाही आहे का, आस्थापनेच्या मूळ कामाला आवश्यक आहे का, इतरत्र ते कायम कामगार करतात का. रुग्णाचा स्वयंपाक या तिन्हींत चपखल बसतो. पण या कसोट्या लावून ठेका पद्धत बंद करण्याचा अधिकार सरकारचा, आणि रुग्णालयही सरकारचंच. २००१ च्या स्टील ॲथॉरिटीच्या निकालाने आणखी एक दार बंद केलं. बंदीची अधिसूचना निघाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. ठेका नुसता कागदोपत्री आहे, खरा मालक रुग्णालयच आहे, हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं. महाराष्ट्रात तर त्याच वर्षीच्या सिप्ला निकालामुळे मालक कोण हाच वाद असेल, तर अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली थेट तक्रार चालत नाही. आधी न्यायाधिकरणाकडून नातं ठरवून घ्या, मग बाकीचं. मावशींचा दावा पडून आहे तो बहुधा याच पायरीवर.

हे अशक्य नाही. मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतुकीतल्या सुमारे २,७०० ठेका कामगारांनी हेच सिद्ध केलं आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून कायमपण मिळवलं. पण किती वर्षं लागली ते त्यांनाच विचारा.

आता मला सगळ्यात जास्त सलणारा मुद्दा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात मुख्य कामासाठी ठेका लावायला बंदी आहे, पण 'मुख्य काम' म्हणजे काय ते सांगताना 'उपाहारगृह व खानपान सेवा' वगळलीय, आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर. रुग्णालयाचा वकील उद्या हेच कलम दाखवणार. आणि इकडे जीएसटी खात्याचं १२ फेब्रुवारी २०१८ चं परिपत्रक म्हणतं की डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने दाखल रुग्णाला दिलेलं जेवण हा आरोग्यसेवेचाच भाग आहे, त्यावर वेगळा कर नाही. नातेवाइकांनी कँटीनमध्ये खाल्लं तर कर लागेल. म्हणजे सरकारच्या एका खात्याने रुग्णाचं ताट आणि कँटीनचं ताट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लेखी मान्य केलंय. कामगार कायद्यात मात्र दोन्ही एकाच 'खानपाना'त ढकलली जाण्याची भीती आहे. कँटीनबद्दलचे जे मोठे निकाल दाखवले जातात, २०१४ चा एअर इंडियाचा धरून, ते कर्मचाऱ्यांच्या कँटीनबद्दल आहेत. केसपेपरवर लिहून दिलेल्या आहाराबद्दल नाहीत. हा फरक न्यायालयापुढे ठासून मांडायला हवा असं मला मनापासून वाटतं.

एक राहिलं. या संहितेतला ठेका कामगारांचा भाग ५० किंवा जास्त ठेका कामगार असतील तिथेच लागतो. जिल्ह्याच्या किचनमध्ये किती जण असतात? पंधरा, वीस.

---

तर्कशुद्ध
मंगळवार, सकाळी ११:३०

निशिगंध यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण, पण एकच बाजू. रुग्णालयाचं स्वतःचं किचन होतं तेव्हा सगळं छान होतं का? माझे काका १९९४ मध्ये सरकारी रुग्णालयात होते. दूध पाणीदार, अंडी वॉर्डापर्यंत पोचायच्या आत निम्मी. त्याबद्दल कुणावर कारवाई झाली नाही, कारण स्वयंपाकी कायम. ठेकेदाराला निदान दंड लावता येतो, काढून टाकता येतं. निविदेत स्पर्धा झाली तर सरकारचा पैसाही वाचतो. दोष ठेका पद्धतीचा नाही, देखरेखीचा आहे.

---

अन्नदा
मंगळवार, दुपारी ३:१०

मी ठेकेदाराच्या बाजूने लिहिते, कारण इथे ती कुणी सांगणार नाही. आमचा बचत गट आहे. एका ग्रामीण रुग्णालयाच्या आहाराचं काम आम्ही तीन वर्षं केलं. बाळंतिणींसाठी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणाला तीन दिवस, सिझेरियनला सात दिवस मोफत आहार असतो, तो आम्ही द्यायचो. सकाळी नाचणीची पेज, दुपारी मुगाचं वरण, पालेभाजी, रात्री मऊ खिचडी.

बिल कधीच वेळेवर आलं नाही. सात-सात महिने. कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर चक्रवाढ व्याज. २००६ पासून हे कायद्यात आहे. आम्ही अर्ज करणार होतो, पण गटातल्या बायकाच म्हणाल्या, पुढचं काम जाईल. वाण्याची उधारी वाढली, त्याने तूरडाळ द्यायचं बंद केलं. त्या महिन्यात वरण पातळ झालं. हो, आमच्याकडूनही झालं. मला त्याची आजही लाज वाटते.

पुढच्या निविदेत वार्षिक उलाढालीची अट इतकी वर नेली की आम्ही अर्जच भरू शकलो नाही. अनेक रुग्णालयं एकत्र करून एक मोठा ठेका. तेव्हा मी अंगणवाडीच्या निकालाची प्रत वाचायला मिळवली होती. राज्याने २०१६ मध्ये घरपोच आहाराची मोठी निविदा काढली, अटी अशा की बचत गट बाहेरच राहतील. वैष्णोराणी महिला बचत गट कोर्टात गेला आणि २६ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ते ठेके रद्द केले. ६,३०० कोटींचे ठेके म्हणून तेव्हा पेपरात आलं होतं. त्यामागे ७ ऑक्टोबर २००४ चा अन्न अधिकाराच्या खटल्यातला आदेश होता: अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, गावातल्या गटांना, महिला मंडळांना काम द्या.

पण तो आदेश अंगणवाडीसाठी. रुग्णालयासाठी तसं कुणी मागितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. तर्कशुद्ध, दंडाचं म्हणाल तर आम्हाला दंड दोनदा झाला, दोन्ही वेळा उशिरासाठी. चवीसाठी, डाळीच्या प्रमाणासाठी, चुकीच्या पथ्यासाठी एकदाही नाही. ते मोजायला कुणी आलंच नाही.

---

निवृत्त_सिस्टर
मंगळवार, रात्री ८:२०

तीस वर्षं वॉर्डात काढली. डाएट शीट आम्ही भरतो: फुल, सॉफ्ट, लिक्विड, डायबेटिक, सॉल्ट फ्री, नळीवाटेचं. सकाळच्या राउंडनंतर कॉटप्रमाणे आकडे घालून कागद किचनला जातो. दुपारच्या ॲडमिशनचा पेशंट त्यात नसतो, त्याला उरलेलं फुल डाएट मिळतं. कित्येक वर्षं हेच.

रेवा, तुझ्या मावशींसारखी माणसं मी पाहिलीत. आमच्या किचनमधला एक स्वयंपाकी शीट न बघता सांगायचा की मेल मेडिकल वॉर्डाला आज किती डायबेटिक. ठेकेदार बदलला की पहिला महिना आम्ही ताटं स्वतः तपासायचो. चाळीस पेशंटांमागे दोन सिस्टर, तरी. शीट पोचली की आमची जबाबदारी संपली असं कागदावर आहे. मनाला ते पटत नाही.

तर्कशुद्ध म्हणतात ते खोटं नाही, चोरी व्हायची. पण तेव्हा मेट्रन रोज किचनमध्ये जाऊन चव घ्यायची, नोंदवहीत सही करायची. आता चवीची वही आहे, पण मी अशी वही पाहिलीय की जिच्यात पुढच्या आठवड्याच्याही सह्या होत्या.

---

लेस्टरकर
बुधवार, पहाटे ३:५०

इंग्लंडमधून लिहितोय, इथल्या रुग्णालयात पोर्टर म्हणून सुरुवात केली होती. इथे १९८३ मध्ये सरकारने आदेश काढून सफाई, धुलाई, जेवण या तीन कामांच्या निविदा काढायला लावल्या. पैसे वाचले असं सांगितलं गेलं. २०१९ मध्ये बाहेरून आलेल्या सँडविचमधून लिस्टेरियाचा संसर्ग पसरला, रुग्ण दगावले, मग सरकारला रुग्णालयातल्या जेवणाची स्वतंत्र समीक्षा करावी लागली. अहवाल २०२० मध्ये आला.

पण एक गोष्ट इथली घेण्यासारखी. १९८१ पासून नियम आहे, २००६ मध्ये तो आणखी घट्ट झाला: काम एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे गेलं तर त्या कामावरची माणसं जुन्या पगारासह, जुन्या सेवेसह नव्याकडे जातात. त्याला 'टुपे' म्हणतात. माझ्या बरोबरच्या बाईने एकाच किचनमध्ये तीन कंपन्यांचे एप्रन घातले, चूल तीच. वाद इथेही होतात, संप होतात. पण रेवाताईंच्या बाराव्या दिवसासारखं, सगळे चेहरे एका सकाळी बदलले, असं सहसा होत नाही.

---

तर्कशुद्ध
बुधवार, सकाळी ९:००

लेस्टरकरांचा मुद्दा पटला. जुन्या कामगारांना नव्या ठेकेदाराने घ्यावं ही अट आपल्याकडे निविदेतच घालता येईल ना? त्यासाठी कायदा बदलायची गरज नाही.

---

निशिगंध
बुधवार, सकाळी ९:४५

घालता येते, आणि काही ठिकाणी संघटनांनी भांडून घालून घेतलीही आहे. अट आहे की नाही हे करारनामा हातात आल्याशिवाय कळत नाही.

रेवाताई, तुमचा मूळ प्रश्न राहिला होता: रुग्णाला कुठे जागा आहे? दारं मोजून सांगते, आणि कुठलं बंद आहे तेही.

ग्राहक आयोग जवळजवळ बंद. व्ही. पी. शांता खटल्यात १९९५ मध्ये ठरलं की जिथे सगळ्यांना सगळं मोफत आहे ते रुग्णालय ग्राहक कायद्याखाली येत नाही. आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. गरिबांसाठी ते फार चांगलं झालं, पण माझ्या वाचनाप्रमाणे सिव्हिलपुरतं ग्राहक आयोगाचं दार त्याने लागलं. अन्न सुरक्षा व मानके कायद्यात कलम ४० ने सामान्य माणसाला नमुना तपासून घेता येतो, पण तिथेही शब्द 'खरेदीदार' असा आहे. रुग्णाने ताट विकत घेतलेलं नसतं. अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्याकडे तक्रार मात्र कुणीही करू शकतं, किचनला परवाना लागतोच.

उच्च न्यायालयाचं दार उघडं आहे. ठेक्याच्या खटल्यात न्यायालय निर्णय तपासत नाही, निर्णयाची प्रक्रिया तपासते, हे १९९४ च्या टाटा सेल्युलरपासूनचं सूत्र. पण २००७ च्या जगदीश मंडल निकालाने दोन प्रश्न विचारायला सांगितले: प्रक्रियेत मनमानी किंवा बदहेतू होता का, आणि सार्वजनिक हिताला बाधा येते का. हा दुसरा प्रश्न रुग्णाचा आहे. दोन ठेकेदार भांडत असताना रुग्ण किंवा रुग्णांची संघटना हस्तक्षेप अर्ज करून म्हणू शकते की स्थगिती द्या वा उठवा, पण मधल्या काळात पथ्याचा आहार कसा चालेल याचा आदेश करा. नव्याने काम घेताना पंधरा दिवस जुनी माणसं बरोबर ठेवा, एवढं जरी कुणी मागितलं असतं! २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयातल्या मृत्यूंची उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. न्यायालयं ऐकतात. रुग्णाच्या बाजूने कुणीतरी समोर उभं राहावं लागतं.

पहिलं पाऊल मात्र माहिती अधिकाराचं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस. करारनामा, आहाराच्या प्रमाणाचं परिशिष्ट, दंडाच्या नोंदी, चवीची वही मागा. 'व्यापारी गुपित' म्हणून नकार आला तर अपील करा. सरकारी पैशातून झालेला करार गुपित कसा, ते त्यांनी पटवून द्यायचंय. आणि कलम २(ञ) नीट वाचा: नुसत्या प्रती नव्हे, कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार त्यात आहे. डाळ हेही साहित्यच.

---

अन्नदा
बुधवार, दुपारी १:३०

परिशिष्टात दर माणशी डाळ, दूध, भाजी ग्रॅममध्ये लिहिलेली असते. आमच्या करारात होती. रेवाताई, ते पान मिळालं की इथे टाका. वॉर्डातले पेशंट गुणिले डाळ, एवढा हिशोब मी पाच मिनिटांत करून देते.

---

रेवा_म
२५ दिवसांनी, रविवार, संध्याकाळी ६:१५

धागा वर काढते आहे. सगळ्यांचे आभार. बाबा घरी आहेत, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. पोटॅशियम ४.९.

अर्ज केला होता. करारनामा मिळाला, ६२ पानं. परिशिष्टात फुल डाएट, डायबेटिक, सॉल्ट फ्री आहे. किडनीच्या रुग्णाचा आहार असा वेगळा रकानाच नाही. म्हणजे नव्या मुलांनी बाबांना केळं दिलं ते कराराप्रमाणे बरोबरच होतं. त्यांच्यावर मी इतके दिवस मनातून रागावले होते, तो राग चुकीचा होता. मावशी करत होत्या ते कुठल्याच कागदात नव्हतं.

जुने कामगार घेण्याची अट नाही. दंडाची नोंद मिळाली, सगळे उशिराचे. अन्नदाताई, तुम्ही म्हणालात तसंच. चवीच्या वहीच्या प्रती दिल्या नाहीत, पण पाहणीला बोलावलंय, उद्या अकरा वाजता. निशिगंध यांनी ओळख करून दिलेल्या वकीलबाई किडनीच्या आहाराचा रकाना करारात घालावा म्हणून आधी जिल्हा शल्यचिकित्सकांना निवेदन देताहेत. आमच्याबरोबर डायलिसिसला येणाऱ्या अकरा घरांच्या त्यावर सह्या झाल्या आहेत.

मावशींचा पत्ता लागला. सध्या एका मंगल कार्यालयात पोळ्या लाटतात. उद्या येता का विचारलं. म्हणाल्या, "कागद मला वाचता येत नाय, पण पातेलं बघितलं की सांगते डाळ किती पडलीय." साडेदहाला गेटवर भेटणार आहोत.